खेकड्याची टिकिया

खेकडा खाणं हा दोन्ही हातांचा आणि निदान तासाभराचा उद्योग आहे. बाह्या वर सारायच्या, ताटाशेजारी एक रिकामी थाळी घ्यायची आणि बोलणं बंद करायचं. नांगी फोडायची, पाय चोखायचे, मधल्या खणांतून बोटाच्या पेराएवढं मांस कोरून काढायचं. ज्याला हे जमतं तो वेगळ्याच जगात असतो. पण घरात सगळ्यांनाच ते जमत नाही. दात गेलेली म्हातारी माणसं, घशात कवच अडकेल म्हणून ज्यांना कोणी देत नाही ती लहान मुलं, पांढरी विजार घालून आलेला पाहुणा, या सगळ्यांनी रश्शात भाकरी कुस्करून समाधान मानायचं. त्यांच्याही वाट्याला खेकडा यावा म्हणून जो पदार्थ करतात त्याबद्दल आज बोलायचं आहे. कोणी त्याला कटलेट म्हणतं, कोणी वडी म्हणतं. आमच्या घरात टिकिया म्हणतात. खेकड्याचं मांस सोडवून, मळून, तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस केलेली चपटी टिकिया.

खाण्यावर बोलायला कवी कशाला, असं कोणाला वाटेल. मी कविता वाचायला लागलो की लोक घड्याळ बघतात आणि खेकड्यावर बोलायला लागलो की खुर्ची पुढे ओढतात, एवढंच माझं समर्थन.

कटलेट हा शब्द मुळात फ्रेंच. बरगडीच्या हाडासकट कापलेला मांसाचा तुकडा, असा त्याचा अर्थ. साहेबाबरोबर तो आपल्याकडे आला आणि इथे येऊन त्याचं सगळंच पालटलं. आधी बरगडी गेली आणि खिमा आला, मग खिमाही गेला आणि बटाटा, बीट, वाटाणा आला. खेकड्याच्या कटलेटचंही बऱ्याच ठिकाणी हेच झालेलं दिसतं. वर झकास ब्रेडचा चुरा, आत पाऊण भाग बटाटा आणि खेकडा नावाला. बटाट्याशी माझं वैर नाही, पण बटाट्याला खेकड्याचा वास लावून त्याचे पैसे घेणं काही खरं नव्हे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेरीलँड राज्यात, चेसापीक उपसागराच्या काठी, निळ्या खेकड्याची अशीच टिकिया करतात. बाल्टिमोर शहर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे पावाचा चुरा, अंडं, मोहरी, मेयोनीज असं काय काय घालतात. पण तिथलेही जाणते लोक पारख करताना आधी हेच बघतात, की चुरा किती आणि खेकडा किती.

तेव्हा या पदार्थाचं सगळं मर्म एका प्रश्नात आहे. टिकिया धरून राहते ती कशाने? त्याचं उत्तर मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. शेजारच्या आबांच्या घरी, खलबत्त्यात मिळालं. पण त्याआधी खेकड्याची ओळख करून घेऊ.

कोल्हापूरकराला खेकडे दोन. एक घाटाखालून येणारा, खाडीतला आणि समुद्रातला. त्याला कोकणात कुठे चिंबोरी म्हणतात, मालवणकडे कुर्ली म्हणतात. दुसरा आपला, घरचा: ओढ्यातला, नदीकाठचा, भाताच्या बांधावरचा. मृगाचे पहिले जोरदार पाऊस झाले, की गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा या पट्ट्यात रात्री ओढ्याकडेने उजेड हलताना दिसतात. पूर्वी चूड किंवा कंदील असे, आता डोक्याला बांधायची बॅटरी आली. उजेड डोळ्यांवर पडला की खेकडा क्षणभर थबकतो, तेवढ्यात मागून पाठीवर बोट दाबून तो उचलायचा. समोरून हात घातला तर तो आपल्याला उचलतो. हा हंगाम मृगापासून आखाडापर्यंत, फार तर सहा-सात आठवड्यांचा. श्रावण लागला की बहुतेक घरांत चुलीवरचं पातेलं पालटतं.

या दोघांत आणखी एक फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. समुद्रातली चिंबोरी अंडी घालते ती लाखांनी. त्यातली बहुतेक पिल्लं लाटांवर तरंगत असतानाच कोणाच्या तरी पोटात जातात, पण आकडाच एवढा मोठा की वंश टिकून राहतो. गोड्या पाण्यातल्या खेकडीचं तसं नाही. तिची अंडी मोजकी, शेकड्यांत मोजावीत एवढी. ती पोटावरच्या झडपेखाली सांभाळते आणि अंड्यातून थेट इवले इवले खेकडेच बाहेर येतात. काही दिवस ते आईच्या पोटाशीच असतात. म्हणजे पावसाळ्यात अशी एक खेकडी पोत्यात गेली तर तिच्याबरोबर एका बांधाची पुढची पिढीच गेली. आबा मूळचे गगनबाव्याकडचे. उभं आयुष्य खेकडे धरण्यात गेलं. ते उचललेला प्रत्येक खेकडा उलटा करून बघत. पोटावरची झडप अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. मादी असली तर झडप अंगठ्याने हळूच उचलायची. आत वळवळ दिसली की ओढ्यात परत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि हा काही सगळीकडचा रिवाजही नाही. पण सह्याद्रीत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या नव्या जाती अजून सापडताहेत, २०१६ साली एकाच शोधनिबंधात पाच नव्या जातींची नोंद झाली. ज्यांना अजून नावं मिळायची आहेत ते रश्शात संपू नयेत, एवढं तर आपण बघू शकतो.

खेकड्याच्या वाट्याला बदनामीच फार. २०१९ च्या जुलैत चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं वाहून गेली, आणि त्या वेळच्या मंत्र्यांनी त्याचं खापर खेकड्यांवर फोडलं. खेकड्याला नांग्या आहेत, पण वकील नाही. शिवाय एकमेकांचे पाय ओढणारे म्हणून आपण मराठी माणसांनी त्याची गोष्ट करून ठेवली आहे, ती वेगळीच. मी बुट्टीतले खेकडे पुष्कळ वेळ बघत बसलेला माणूस आहे. ते पाय ओढत नाहीत, जे हाताला लागेल ते धरतात. बुडणारा माणूसही तेच करतो.

आता एक घरगुती गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय आमच्या तव्याचं गणित कळणार नाही. मला नेहमी विचारतात, मुसलमान खेकडा खातात का? याचं उत्तर, कोणता मुसलमान आणि कोणता खेकडा, यावर आहे. आपल्या घाटमाथ्यावरचे बहुतेक मुसलमान हनफी मताचे. हनफी मतात पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा खायचा. खेकडा मासा नव्हे, म्हणून तो वर्ज्य. कोळंबीला मासा म्हणावं की नाही यावर मौलवींचे दोन तट आहेत, पण खेकड्याबाबत तसा गोंधळ नाही. कोकणातले मुसलमान शाफई मताचे. तिथे समुद्रातल्या जिवांना दार पुष्कळ मोकळं आहे. मात्र जो जीव पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही, त्याच्याबद्दल त्यांच्याकडेही कडक मत आहे आणि खेकडा नेमका त्या उंबऱ्यावर बसलेला. त्यामुळे त्याच्यावर शतकानुशतकं वाद चालत आला आहे. माझ्या अम्मीच्या माहेरी, रत्नागिरीकडे, त्यांनी आपल्यापुरता निकाल लावला होता. जो समुद्रातून, खाडीतून येतो तो चालेल. जो बांधावर फिरतो तो नको.

अब्बा कोल्हापूरचे, हनफी. त्यांनी आयुष्यात खेकडा तोंडात घातला नाही आणि अम्मीला कधी खाऊ नकोस असंही म्हणाले नाहीत. तिचा हिशेब ती देईल, माझा मी, एवढंच म्हणत. मामा आंबा घाटातून एसटीने यायचे. त्यांच्याजवळ ओल्या गोणपाटात नांग्या बांधलेल्या चिंबोऱ्या असायच्या. त्या दिवशी अम्मीचा स्वयंपाक दोन ठिकाणी मांडला जाई. अब्बांनी त्यासाठी बाजारातून बिडाचा एक वेगळा तवा आणून दिला होता. आपल्या भाकरीच्या तव्याला खेकडा लागू नये, ही त्यांची अडचण. तिला तिच्या माहेरचं खाता यावं, ही त्यांची सोय. दोन्ही त्या एका तव्यात मावलं. तो तवा अजून माझ्याकडे आहे. मी स्वतः कोणाच्या मताने खातो हे विचारू नका. माझी बायको हनफी घरातली. ती टिकिया खात नाही, पण तेल तापलं की नाही हे आतल्या खोलीतून वासावरून सांगते.

तर आता करायला घेऊ. खेकडा जिवंतच घ्यायचा. मेलेल्या खेकड्याचं मांस फार लवकर सुटतं, पाणचट होतं आणि पोटाला बाधतं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. अमावास्येला खेकडा भरलेला आणि पौर्णिमेला पोकळ, असं किनाऱ्यावर मानतात. खरी मेख कात टाकण्यात आहे. खेकडा वाढतो तो जुनं कवच टाकून. नवं कवच मोठं असतं आणि आतलं अंग अजून ते भरण्याएवढं वाढलेलं नसतं, मधल्या जागेत पाणी असतं. म्हणून मोठा दिसणारा हलका खेकडा कधी घेऊ नये. किलोभर, म्हणजे मध्यम आकाराच्या चार चिंबोऱ्यांतून पावशेर मांस निघालं तर नशीब समजा. तेवढ्यात आठ टिकिया होतात.

घरी आणल्यावर त्यांना बर्फाच्या पाण्यात किंवा फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवावं. ते बधिर होतात, त्यांचे हाल कमी होतात आणि आपली बोटंही वाचतात. मग पाठीचं कवच उचलून काढायचं, दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले आणि तोंडाजवळची पिशवी टाकून द्यायची. मादीत नारिंगी लाख असेल तर ती वाटीत वेगळी ठेवायची. धड आणि नांग्या मीठ लावून बारा-पंधरा मिनिटं वाफवायच्या. वाफवताना कवच तांबडं होतं. ते तांबडं आधीपासून तिथे असतंच, कच्च्या खेकड्यात ते एका प्रथिनात बांधलेलं असतं म्हणून निळसर-करडं दिसतं. उष्णतेने ती गाठ सुटते.

पाय मात्र वाफवायचे नाहीत. ते कच्चेच बाजूला ठेवायचे. ही आबांच्या घरची शिकवण. आबांचे दात गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी पहिल्यांदा त्यांच्यासाठी टिकिया करायला घेतली तेव्हा ते म्हणाले, "बटाटा घालू नकोस बाबा. बटाटा मी रोज खातोय." मग काकूंनी मला खलबत्ता दिला.

गावाकडे खेकड्याचा रस्सा करतात तेव्हा पाय मिठासकट कुटून, पाणी घालून, फडक्यातून गाळून घेतात. ते करडं गढूळ पाणी मंद आचेवर ठेवलं आणि ढवळलं नाही, की हळूहळू त्यातून मऊ गोळे वर येतात, फाटलेल्या दुधासारखे. व्हिएतनाममध्येही भातखाचरातले लहान खेकडे असेच कुटून, गाळून तापवतात आणि वर आलेला तो थर शेवयांच्या सूपमध्ये घालतात. त्या पदार्थाला ते बुन रिएउ म्हणतात. त्या खाचरांचा आणि गगनबाव्याच्या खाचरांचा कधी संबंध आला असेल असं वाटत नाही. भात आला की खेकडा आला, आणि खेकडा आला की खलबत्ता आला.

हे गोळे का होतात? कच्च्या मांसातली प्रथिनं मिठाच्या पाण्यात उतरतात आणि तापली की एकमेकांत गुंतून घट्ट होतात. कच्च्या अंड्याचं होतं तसंच. आणि एकदा शिजून घट्ट झालेलं प्रथिन पुन्हा चिकटत नाही. उकडलेल्या अंड्याने कोणी वडी बांधू शकत नाही. खेकड्याच्या टिकियेची गोम इथेच आहे. आपण मांस शिजवून सोडवतो आणि मग ते धरून राहत नाही म्हणून त्यात बटाटा ढकलतो. त्याऐवजी त्याच खेकड्याच्या पायांचा कच्चा रस घालावा. नारळाचं दूध काढताना आपण पहिलं दाट आणि दुसरं पातळ वेगळं ठेवतो, तसंच करायचं. पाय चिमूटभर मीठ आणि दोन चमचे पाणी घालून कुटायचे, मलमलीतून पिळून तीन-चार चमचे दाट रस काढायचा, तो टिकियेला. चोथ्यात आणखी पाणी घालून दुसरा पातळ रस काढायचा, तो रश्शाला. तव्यावर गेल्यावर हा दाट रस आतल्या आत घट्ट होतो आणि मांसाचे तुकडे धरून ठेवतो. खेकड्यानेच खेकडा बांधला जातो.

मांस सोडवणं हे सबुरीचं काम. अख्खी दुपार जाते. सोडवलेलं मांस स्टीलच्या थाळीत चिमटीचिमटीने वरून टाकायचं आणि ऐकायचं. मांस पडलं तर आवाज होत नाही, कवचाची कपची असेल तर टण्ण वाजते. डोळ्यांना न दिसणारी कपची कानाला सापडते. लहान मुलांना हे काम द्यावं, ती ते फार मन लावून करतात.

पावशेर मांसाला चमचाभर आलं-लसूण-हिरवी मिरचीचं वाटण, अर्धा चमचा आपली कोल्हापुरी चटणी, मूठभर बारीक चिरलेली कोथिंबीर, एक छोटा कांदा अगदी बारीक चिरून आणि पिळून, लाख असेल तर तीही, आणि दोन मोठे चमचे डाळ्याचं पीठ. डाळं आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे त्याचं पीठ कच्चं लागत नाही आणि जादा पाणी शोषून घेतं. चटणीचा हात आवरावा. कोल्हापूरकराला हे सांगणं म्हणजे धाडसच, पण खेकड्याचं मांस गोडसर असतं आणि तो गोडवा तिखटात बुडतो. तिखट हवंच असेल तर शेजारी तांबडा रस्सा आहे. शेवटी दाट रस घालून हलक्या हाताने कालवायचं. मळायचं नाही, तुकडे तुकड्यांसारखे राहू द्यायचे.

टिकिया अर्ध्या इंचाहून जाड करू नयेत. थापून झाल्या की तासभर फ्रीजमध्ये ठेवाव्यात. पीठ तेवढ्या वेळात ओल पिऊन घेतं आणि थंड टिकिया तव्यावर टाकताना मोडत नाही. मग बारीक रव्यात घोळवून, बिडाचा तवा चांगला तापवून, दोन-तीन चमचे तेलावर मध्यम आचेवर ठेवायच्या. कढईत बुडवून तळल्या तर कधी कधी उसवतात. तव्यावर खालची बाजू आधी पक्की होते आणि वरची तिच्यावर विसावते. चार मिनिटं उलथण्याला हात लावायचा नाही. कडा तांबूस झाल्या की टिकिया आपणहून तवा सोडते. उलटल्यावर दोन मिनिटं झाकण ठेवावं, मग काढून दुसरी बाजू खरपूस करावी. मोडून बघितल्यावर मधोमध वाफ निघाली पाहिजे आणि ओला करडेपणा कुठे दिसता कामा नये.

हे शेवटचं मी आवर्जून सांगतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसाला लागणाऱ्या एका चपट्या कृमीची अंगं असू शकतात. ईशान्य भारतात, विशेषतः मणिपूर, अरुणाचल, नागालँडकडे, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या खेकड्यातून हा आजार होतो. खोकला येतो, थुंकीतून रक्त पडतं, आणि क्षय समजून रुग्णाला महिनोन् महिने भलतंच औषध दिलं जातं. खेकडा पूर्ण शिजला की ती भीती राहत नाही. पण कच्चा रस हाताला, खलबत्त्याला, फडक्याला लागतो. तीच बोटं कोशिंबिरीत गेली तर धोका तिथून येतो. म्हणून कुटणं झालं की भांडी कढत पाण्याने आणि हात साबणाने लगेच धुवायचे. ज्याला ही जोखीम नको असेल त्याने बांधावरच्या खेकड्याच्या टिकियेत रसाऐवजी एक अंडं फोडावं. चव थोडी उणी होते, बांधणी तशीच होते. आबांसाठी करतो तेव्हा आता मीही अंडंच घालतो. आणि ज्या उसाच्या किंवा भाताच्या शेतात नुकतीच फवारणी झाली आहे तिथल्या ओढ्यातले खेकडे घेऊच नयेत. खेकडा तळाशी राहतो, पाण्यात जे उतरतं ते त्याच्या अंगात जातं.

चिंबोरीची टिकिया तांदळाच्या भाकरीबरोबर, वर लिंबू पिळून. बांधावरच्या खेकड्याची ज्वारीच्या भाकरीबरोबर, कच्च्या कांद्याशी. आबा ती भाकरीत गुंडाळून, हिरड्यांवर घोळवत खातात आणि खाताना एक शब्द बोलत नाहीत. उरल्या तर दुसऱ्या दिवशी तव्यावर नुसत्या गरम कराव्यात, पण उरत नाहीत.

कवचं फेकू नका. उन्हात कडक वाळवून, कुटून गुलाबाच्या कुंडीत घाला, चुन्याचं काम करतात. मातीत चार बोटं खोल पुरा मात्र. वरवर टाकलीत तर गल्लीतली मांजरं रात्रीतून कुंडी पालथी करतात.